हळूहळू बसणारं चाक

“दादा, चाकात हवा राहत नाही,” असं म्हणत कुणी गाडी लावली की मी टायरकडे नंतर बघतो. आधी विचारतो, गाडी रात्री कुठे उभी असते? माणसं जरा चक्रावतात. पंक्चरवाल्याला आपल्या अंगणाशी काय देणंघेणं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण मिऱ्याच्या बाजूला समुद्रासमोर लागणारी गाडी, जांभ्याच्या गडग्याला खेटून लागणारी गाडी आणि घराचं बांधकाम चालू असलेल्या आवारात लागणारी गाडी, या तिघींची हवा तीन निराळ्या वाटांनी जाते. पहिलीच्या मी रिमची कड बघतो, दुसरीच्या टायरची बाजू, तिसरीत खिळा शोधतो. एका प्रश्नाने अर्धा तास वाचतो.

माझं दुकान हातखंब्याच्या तिठ्याजवळ. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो आणि रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणारा रस्ता त्याला इथेच मिळतो. त्यामुळे समुद्राकडचं गिऱ्हाईक येतं, घाटावरचं येतं आणि गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येतात. सगळ्या तऱ्हेची चाकं बघायला मिळतात.

आमच्या धंद्यात झटकन बसलेलं चाक सर्वांत सोपं. खिळा समोर दिसतो, हवा फुसफुसत असते, गिऱ्हाईकाची घासाघीस करायची तयारी नसते. अवघड ते आठ-पंधरा दिवसांनी बसणारं. ते दुकानात येतं तेव्हा चांगलं गुटगुटीत असतं. आवाज नाही, खिळा नाही. “हवा भरून द्या हो, पुढचं पुढे बघू,” असं मालक म्हणतो. भरून देणं दोन मिनिटांचं काम आहे आणि पुष्कळ दुकानांत तेवढंच होतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. अशी गळती शोधायला तास जातो, काढायला दहा मिनिटं लागतात, आणि पैसे मिळतात ते फक्त काढायचे. शोधण्यात गेलेला तास कुठल्याच बिलात बसत नाही. पंक्चरच्या धंद्यातली निम्मी अर्धवट कामं माझ्या मते या एका कारणाने होतात. त्याचा कसब नसण्याशी फारसा संबंध नाही.

माझा दुसरा प्रश्न असतो, एकच चाक बसतंय की चारही? चारही सारखीच उतरत असतील तर बहुतेक वेळा गळती नसतेच. धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखाद-दुसरा पाऊंड हवा जाते. आतून ब्यूटिल रबराचं अस्तर असतं, ते हवेला अडवतं, पण पूर्ण नाही. त्यात थंडी. हवा गार झाली की आकसते. तापमान १० अंशांनी उतरलं तर ३२ पाऊंडांच्या चाकात साधारण दीड पाऊंड कमी दिसतो. दुपारी तापलेल्या रस्त्यावरून येऊन भरलेलं चाक डिसेंबरातल्या पहाटे साखरप्याच्या बाजूला मोजलं तर तीन-चार पाऊंड गेलेले दिसणारच. हवा गेलेली नसते, फक्त गार झालेली असते.

गणपतीतली एक तक्रार याचीच बहीण. मुंबईहून माणूस रात्री निघतो, गाडीत पाच माणसं, मागे सामान, वर मखराचे खोके. वाटेत कुठल्या तरी पंपावर हवा बघतो. तीनशेवर किलोमीटर धावून टायर तापलेले असतात, काटा ३६-३७ दाखवतो. पंपावरचा पोरगा म्हणतो, “साहेब, जास्त आहे,” आणि सोडून ३२ करतो. गावी दोन दिवस गाडी उभी राहते. तिसऱ्या दिवशी कुणी तरी मोजतं, २८! मग माझ्याकडे, “दादा, चारही चाकं लीक आहेत.” चारही एकदम कशी लीक होतील? हवा मोजायची ती गार टायरची, गाडी निदान तीनेक तास उभी राहिल्यावर. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीसाठी वेगळं. हा स्टिकर वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो. टायरवर कोरलेला मोठा आकडा मात्र पुष्कळांनी वाचलेला असतो, आणि तो नेमका भरायचा आकडा नसतो. त्या टायरची ती कमाल मर्यादा असते.

गेजचंही एक त्रांगडं आहे. पंपावरचा गेज आणि माझा गेज यांत दोन-तीन पाऊंडांचा फरक सहज पडतो. काल तिकडे मोजलं, आज इकडे, आणि मधला फरक म्हणजे गळती, असं धरून चालणारे लोक आहेत. मी सांगतो, एकच गेज धरा. चुकीचा असला तरी चालेल, पण रोज तोच. गळतीला आकडा नको असतो, उतार हवा असतो.

हे सगळं मी शिकलो ते अण्णांकडे. अण्णा केरळचे. या महामार्गावर जुन्या काळी टायरची दुकानं बरीचशी केरळी माणसांची होती, अजूनही आहेत. अण्णांचं मराठी चार क्रियापदांत चालायचं, पण काम करताना तेवढंही लागत नसे. नव्या पोराला ते पहिले कित्येक महिने पाना देत नसत. पाण्याच्या टबासमोर बसवत. ट्रकच्या ट्यूबा, रिक्षाच्या ट्यूबा, हवा भरून पाण्यात फिरवायच्या आणि बघायचं. “घाई नको. पाणी थांबू दे,” एवढंच. तेव्हा मला ती शिक्षा वाटायची.

ट्यूबेचा जमाना तसा सरळ होता. हवा ट्यूबेत, भोक ट्यूबेत. ट्यूब बाहेर काढली की संशयित एकच. ट्यूबलेसमध्ये टायर, रिम आणि व्हॉल्व्ह तिघं मिळून हवा धरतात. तिघांपैकी कुणीही सोडू शकतं, किंवा तिघांच्या मधला सांधा सोडतो. शिवाय ट्यूबलेसमधला खिळा स्वतःच भोक बुजवून बसतो. ट्यूबेचं चाक खिळा लागल्या लागल्या बसायचं, ट्यूबलेसवाला आठवडाभर खिळ्यासकट हिंडतो आणि त्याला पत्ता नसतो. हळूहळू बसणारं चाक तेव्हाही होतंच, पण आमचं रोजचं काम झालं ते ट्यूबलेस आल्यावर.

आता क्रम सांगतो. पहिला व्हॉल्व्ह, कारण तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विसरला जाणारा. टोपी काढायची, बोटाने थुंकी लावायची आणि बघायचं. कुणाला किळस येते म्हणून आता मी साबणाचं पाणी ठेवतो, पण थुंकीचा पडदा जास्त वेळ टिकतो, असा माझा अनुभव. पडदा फुगायला लागला की आतली पिन सोडते आहे. छोट्या चावीने पिन किंचित आवळली तर कधी कधी तेवढ्यावर भागतं. नाही तर पिन बदलायची. तिच्यात धूळ जाते, तिचं इवलंसं रबर कडक होतं. मग व्हॉल्व्ह मुळाशी वाकवून बघायचा, चारही बाजूंना. उन्हाने आणि वयाने त्याचं रबर तडकतं. नुसतं बघून ती चीर दिसत नाही, वाकवला की उघडते. टायर नवे घालताना व्हॉल्व्ह बदलायचे पैसे वाचवणारे गिऱ्हाईक वर्ष-दोन वर्षांनी त्याच चिरेपायी परत येतात.

समुद्राकडच्या गाड्यांत टोपीचाही उपद्रव असतो. शोभेच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या टोप्या खाऱ्या हवेत पितळी व्हॉल्व्हला अशा चिकटतात की पकडीने फिरवली तर अख्खा व्हॉल्व्हच पिळून निघतो. काळी प्लास्टिकची टोपी दिसायला गरीब, पण खाऱ्या हवेला तीच बरी.

व्हॉल्व्ह निर्दोष निघाला की चाक खोलून टबात. इथे हवा थोडी वाढवायची, चाळीसच्या आसपास, म्हणजे गळती बोलकी होते. मोटारीचं चाक पाण्यात बुडत नाही, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते. तीसेक लिटर हवा आत, ते तरंगतं. दाबून धरायला अंगातलं वजन टाकावं लागतं, म्हणून उभं ठेवून थोडं थोडं फिरवत नेतात. आणि पहिलं मिनिटभर सगळीकडून बुडबुडे येतात. नक्षीच्या खाचांत, रिमच्या खोबणीत, वजनाच्या पट्टीखाली अडकलेली बाहेरचीच हवा ती. नवखा पोरगा लगेच खडूने खूण करतो आणि चुकतो. ते फसवे बुडबुडे आधी संपू द्यायचे. चाक हलवायचं नाही, पाणी हलवायचं नाही. मग जो बुडबुडा एकाच जागेवरून, एकाच अंतराने येतो तो खरा.

किती अंतराने? माझी मुलगी पॉलिटेक्निकला आहे. तिने एकदा वहीत हिशेब मांडून दाखवला. तीस लिटरच्या टायरमधून आठवड्याला दोन पाऊंड जात असतील तर सुमारे चार लिटर हवा बाहेर पडते. आठवड्याच्या दहा हजारांवर मिनिटांत ती वाटली तर दर दहा सेकंदांनी साबुदाण्याएवढा एक बुडबुडा. महिन्याला दोन पाऊंड असतील तर पाऊण मिनिटाला एक. “बाबा, म्हणजे एकाच जागेकडे तुम्ही निदान एक मिनिट बघितलंत तर दिसणार,” ती म्हणाली. चाकाचा घेर दोन मीटरच्या जवळ, दोन बाजू, वर व्हॉल्व्ह आणि नक्षी. टबात बुडलेल्या तुकड्यामागे एकेक मिनिट धरलं तरी दोन्ही अंगं तपासायला अर्धा तास गेलाच. अण्णा मला बसवून का ठेवत, ते वहीतल्या आकड्यांनी समजलं. गर्दीच्या दुकानात चाक टबात गोल फिरवून तीस सेकंदांत बाहेर काढतात आणि “काही नाही” म्हणतात, ते खोटं बोलत नसतात. तेवढ्या वेळात काही दिसणं शक्यच नसतं.

खिळ्यांचं एक वेगळंच पुराण आहे. या रस्त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललं. बांधणीच्या तारेचे तुकडे, फळ्यांचे खिळे यांची आम्हाला कधी टंचाई पडली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं, रायगडात आणि इकडे दापोली-मंडणगडला हजारो घरांचे पत्रे उडाले. त्यानंतर तिकडून आलेल्या गाड्यांच्या टायरांत पत्र्याचे स्क्रू निघत. पत्र्याचा स्क्रू हा हळू गळतीचा राजा. त्याचे आटे रबर घट्ट धरून ठेवतात, डोकं रस्त्यावर घासून सपाट होतं आणि नक्षीत अडकलेल्या खड्यासारखं दिसायला लागतं. नक्षीतल्या प्रत्येक खड्याला म्हणूनच पेचकसाने उचकून बघावं लागतं. खडा निघतो, स्क्रू निघत नाही.

खिळा सापडला की बाहेरून दोरी की आतून पॅच, हा वाद. दोरीचं काम पाच मिनिटांत होतं, टायर रिमवरच राहतो. टोच्याने भोक मोठं करायचं, सुलोचन, म्हणजे पंक्चरचं सोल्यूशन, लावलेली दोरी घुसवायची, वरचं शेपूट कापायचं. वाटेत अडलेल्या माणसाला ती देवासारखी. पण भोक मोठं करताना आतल्या पोलादी तारा तुटतात, तिथून पाणी शिरलं की त्या गंजतात, आणि दोरी वर्षभराने स्वतःच झिरपायला लागते. माझ्याकडे येणाऱ्या हळू गळतीत जुन्या दोऱ्यांचा वाटा मोठा आहे. आतून मशरूम, म्हणजे देठाचा पॅच, बसवायचा तर टायर उतरवा, आतला भाग घासा, सुलोचन लावा आणि थांबा. सुलोचन ओलं असताना पॅच बसवला तर तो बसल्यासारखा दिसतो, धरत नाही. बोटाला चिकट लागेल पण ओलं लागणार नाही, तोवर थांबायचं. आमच्या पावसाळ्यात हे थांबणं लांबतं आणि गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागतं. भोक सहा मिलिमीटरच्या वर असेल, किंवा खांद्यावर, बाजूला असेल, तर मी हात लावत नाही. जांभ्याच्या कडेने बाजू कापलेला टायर घेऊन येणारे इथे फार. “बाजूला पण एक दोरी मारा की,” म्हणतात. बाजू दर फेऱ्याला वाकते, तिथे दोरी कसली टिकते?

आता रिमची कड. समुद्राकडच्या गाड्यांचं निम्मं दुखणं इथेच असतं. अलॉय गंजत नाही, हा मोठा गैरसमज. लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही इतकंच. वरचं लॅकर कुठे तरी खरवडलं जातं, बहुतेक वजनाची पट्टी ठोकताना किंवा टायर उतरवताना, आणि त्या जागी खारी हवा शिरते. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, ती लॅकरखाली पसरत जाते आणि टायरच्या कडेला, म्हणजे बीडला, आतून उचलते. केसाएवढी फट पुरते. टबात एका जागी बुडबुडा न येता कडेने लांबवर बारीक फेस धरतो, तो याचा. लोखंडी रिममध्ये हेच काम गंजाचे पापुद्रे करतात. त्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडलं नाही तर हवेबरोबर ओल आत जाते. कोकणातल्या पावसाळ्यात संध्याकाळी टाकीखालचा नळ उघडला की पाण्याची धारच लागते.

तिसरी गोष्ट वाळू. गणपतीपुळ्याकडे, गुहागरला, दापोलीच्या मुरूडला पर्यटक गाड्या थेट किनाऱ्यावर घालतात. गाडी रुतते, मग हवा सोडून बाहेर काढतात. हवा कमी असलेला बीड रिमवरून किंचित सरकतो आणि खाली वाळूचे कण जाऊन बसतात. वर हवा भरली की ते कण तिथेच कैद. पुण्याला पोहोचेपर्यंत चाक बसलेलं. वाळूत गाडी घालणाऱ्यांविषयी माझं मत मी इथे लिहीत नाही, छापता येणार नाही.

या कडेचं काम कंटाळवाणं आहे. टायर सोडवायचा, बीड पुसायचा, रिमची बसण्याची जागा तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करायची. ग्राइंडर नाही. ग्राइंडर दोन मिनिटांत भुकटी काढतो आणि सोबत धातूही खरवडतो, पुढच्या पावसात दुप्पट भुकटी. मग कडेला काळं सीलर लावून टायर बसवायचा. दोन्ही बाजूंचे दोन टणत्कार आले म्हणजे बीड जागेवर गेला.

रिम वाकलेली किंवा तडकलेली असेल तर गोष्ट वेगळी. खड्ड्यात आपटून वाकते ती बहुधा आतली कड, बाहेरून गाडी बघणाऱ्याला दिसतच नाही. चाक उतरवून मशीनवर फिरवलं की लचका कळतो. वाकलेली लोखंडी रिम ठोकून सरळ होते. तडा गेलेला अलॉय वेल्डिंग करून देणारे कारागीर आहेत, मी तसा बसवून देत नाही. घाटात पाच माणसं घेऊन उतरणाऱ्या गाडीखाली मला तो जोड नको.

एक चाक मात्र या कुठल्याच क्रमात बसलं नाही. देवरुखकडचे एक गुरुजी, विज्ञान शिकवायचे, निवृत्तीला आले होते. जुनी छोटी गाडी, लोखंडी रिम, वर प्लास्टिकची व्हीलकॅप. डावं मागचं चाक आठवड्यात ३० वरून १८ वर यायचं. माझ्याआधी चार दुकानं फिरले होते. कुणी पिन बदलली, कुणी टबात फिरवून “काही नाही” म्हटलं, एकाने तर पॅच मारून दिला होता. कशावर मारला, ते त्यालाच ठाऊक. मी टायर उघडून तो पॅच बघितला. त्याच्याखाली भोकच नव्हतं.

टबात मी ते चाक पुरेपूर वेळ देऊन बघितलं. बीड स्वच्छ, नक्षी स्वच्छ, व्हॉल्व्ह स्वच्छ. म्हटलं, गुरुजी, चाक माझ्याकडे राहू द्या, तुम्ही स्टेपनीवर चालवा. खडूने बाजूवर आकडा लिहून चाक शेडमध्ये उभं केलं. आठवड्याने ते आले तेव्हा आकडा जिथल्या तिथे. गुरुजी त्या चाकाकडे वर्गातल्या एखाद्या नाठाळ पोराकडे बघतात तसे बघत राहिले.

मग आम्ही दोघं बाकावर बसलो. गाडीवर असताना जाते आणि शेडमध्ये जात नाही, तर गाडीवर असं काय आहे जे इथे नाही? वजन आहे. फिरणं आहे. वजनाचं म्हणावं तर रिमला कुठे तडा नव्हता. गुरुजींनीच विचारलं, “आणि ती टोपी?” टोपी म्हणजे व्हीलकॅप. ती गाडीच्या डिकीत होती. मी पुन्हा व्हॉल्व्ह बघितला आणि या वेळी त्याच्या एका अंगाला घासून गुळगुळीत झालेली जागा दिसली. डिकीतून कॅप आणून चाकावर ठोकली आणि तशीच्या तशी टबात घातली. व्हॉल्व्हच्या मुळापासून बुडबुड्यांची माळ लागली.

मूळ कॅप खड्ड्यात निखळून पडली होती, म्हणून गुरुजींनी बाजारातून दुसरी घेतली होती. तिची खाच व्हॉल्व्हच्या जागी नीट येत नव्हती. ती व्हॉल्व्हला एका बाजूला दाबून धरायची, आणि जुन्या रबराची चीर त्या दाबानेच उघडायची. मी हाताने वाकवला होता तो तितका नाही, आणि सतत तर नाहीच. आणि प्रत्येक दुकानात, माझ्याही, चाकाला हात लावण्याआधी पहिलं काम काय होतं? व्हीलकॅप काढायची. ती काढली की व्हॉल्व्ह सरळ, चीर बंद, गळती गायब.

“म्हणजे परीक्षा घेताना आपण प्रश्नच खोडत होतो,” गुरुजी म्हणाले.

नवा व्हॉल्व्ह बसवला, कॅपची खाच कानशीने मोठी केली. कामाचे पैसे किरकोळ झाले. गुरुजींनी ते दिले आणि विचारलं, “आणि शोधायचे किती?” हा प्रश्न गिऱ्हाईकाने आपणहून विचारला, असं पुन्हा फारसं घडलेलं नाही.

शोधण्याला किंमत नसली की काय होतं, ते टायर उघडल्यावर दिसतं. “रोज थोडी भरतो आणि चालवतो” असं वर्षभर करणाऱ्यांचे टायर बाहेरून सुरेख असतात. रेडियल टायर २२-२४ वर आला तरी नुसत्या नजरेला फारसा वेगळा दिसत नाही, बूड मुळातच थोडं फुगीर असतं. पण कमी हवेत धावताना बाजू फार वाकते, तापते, आणि आतलं रबर झिजून काळी भुकटी पडते. रिमवरून उतरवलेला टायर उलटा केला आणि ओंजळभर भुकटी गळली, आतल्या अंगाला गोल पट्टा दिसला, की तो टायर संपला. गिऱ्हाईक म्हणतं, नक्षी बघा, अजून तीस हजार किलोमीटर जाईल. मी भुकटी त्याच्या हातावर ठेवतो. काहींना पटतं. काही जण टायर तसाच बसवून द्या म्हणतात, मग मी दुसरं दुकान दाखवतो.

गळती बुजवणारं हिरवं-निळं द्रव चाकात ओतून येणारेही आहेत. रानात अडकलेल्याने वापरावं, ठीक. पण नंतर कुणी तरी टायर उघडणार आहे आणि त्या चिकट राड्यावर पॅच धरणार नाही, व्हॉल्व्ह तुंबणार आणि दाब मोजणारा सेन्सर असेल तर तोही माखणार, एवढं ओतताना लक्षात ठेवावं. नायट्रोजनबद्दल तर रोज विचारणा असते. साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच. उरलेल्या २२ टक्क्यांचे पैसे द्यायला माझी ना नाही, पण खिळ्याच्या भोकातून नायट्रोजनही जातो.

नव्या गाड्यांत दाब कमी झाला की पिवळा दिवा लागतो, म्हणून आता लोक लवकर येतात. काही गाड्यांत तो दिवा चाकांच्या फेऱ्यांची तुलना करून लागतो. चारही चाकं सारखीच उतरली तर तो गप्प बसू शकतो. दिवा आहे म्हणून गेज ठेवायचाच नाही, असं करू नका, हे मी सांगतो. ऐकणारे ऐकतात.

मी हल्ली पावतीवर दोन ओळी लिहितो, एक शोधण्याची, एक काढण्याची. पहिल्या ओळीवरून वाद होतातच. पावस गावचे एक काका म्हणाले, “सापडलंच नसतं तर हे पैसे घेतले असतेस?” म्हटलं, घेतले असते, तेवढा वेळ गेलाच असता. ते पैसे न देता गेले आणि पुढच्या महिन्यात दुसरं चाक घेऊन आले. त्या दिवशी दोन्ही ओळींचे दिले, आधीच्या पहिल्या ओळीसकट.

या गणपतीत डोंबिवलीचं एक कुटुंब आलं होतं. पुढचं उजवं चाक, दहा दिवसांत एक-दीड पाऊंड. टबात काही नाही, कॅप नाहीच, अलॉय स्वच्छ, व्हॉल्व्ह नवा. दुसऱ्या दिवशी त्यांना निघायचं होतं, चाक ठेवून घेणं शक्य नव्हतं. मी चारही चाकांत गार असताना ३३ भरले, त्यांना एक गेज दिला आणि सांगितलं, दर रविवारी सकाळी गाडी हलवण्याआधी चारही मोजा आणि लिहून ठेवा. परवा फोन आला.

“दादा, उजवं ३१ आहे.”

“आणि बाकीची?”

“बत्तीस, साडेबत्तीस. इकडे दोन दिवस पाऊस आहे, जरा गार पडलंय.”

“मग एवढ्यात खोलू नका. आणखी दोन रविवार मोजा. आणि गाडी रात्री कुठे लावता?”

“सोसायटीत. गटाराच्या जाळीजवळ.”

“जाळीवरून चढवून?”

“हो, उजवं चाक रोज त्या जाळीच्या कडेवरून जातं.”

“मग तिथल्या पंक्चरवाल्याला आतली बाजू बघायला सांगा,” मी म्हटलं. “आणि बघायचे पैसे द्या त्याला.”